सारसांच्या हद्दीत

"तुम दोनों मराठी हो, तुम दोनों एक नाव में," असं म्हणत गौरांगने होड्यांच्या यादीवर खूण केली आणि संपदाने ती यादी पुन्हा वाचली.

गौरांग कंपनीत एचआरचं काम बघायचा. स्वभावाने वाईट नव्हता, पण माणसांच्या जोड्या लावताना त्याला एवढंच दिसलं होतं, की जयपूरच्या या ऑफिसात मराठी बोलणारी माणसं दोनच. एक संपदा बोपचे, गोंदियाची, आणि दुसरा तिचा टीम लीड प्रथमेश, पुण्याचा. ही दोघं गेले दोन महिने कामाशिवाय एकमेकांशी एक शब्दही बोलत नव्हती, हे त्याला ठाऊक नसावं. किंवा ठाऊक असूनही त्याने ते तसंच सोडून दिलं असावं.

जुलैमध्ये एक प्रकार घडला होता. एका ग्राहक कंपनीच्या, लोकांना निरोप पाठवणाऱ्या संगणक यंत्रणेत बदल टाकायचा होता. चाचणी अर्धीच झाली होती, म्हणून संपदाने दुपारी प्रथमेशला फोन केला. "टाकून दे, पुढचं मी बघतो," तो म्हणाला. तिने टाकलं. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांना दुसऱ्यांच्याच नावाचे निरोप गेले. दुसऱ्या दिवशी बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा प्रथमेशने शांतपणे सांगितलं, "संपदाने मला विचारलं नव्हतं." संपदा त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्याजवळ लेखी काहीच नव्हतं. आठवड्याभरात तिच्या हातात ताकीदपत्र पडलं.

आता सप्टेंबर उजाडला होता. कंपनीची सहल टोंक रोडवरून आत असलेल्या कालीसर नावाच्या तलावावर आली होती. पाऊस चांगला झाल्यामुळे तलाव काठोकाठ भरलेला, कडेने पुरुषभर उंचीचं पाणकणीस माजलेलं, मधे कमळांची पानं पसरलेली. काठावर दोघांनी बसायच्या लांबट, अरुंद होड्या ओळीने लावून ठेवल्या होत्या. तिथले लोक त्यांना कनू म्हणत.

पाण्यावर घेऊन जाणारी बाई जयंती. चाळिशीची, उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी आणि दुर्बीण. हसण्याचं तर नावच नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. आदल्या रविवारच्या मंडळींनी टाकलेल्या वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग तिने मुद्दाम वाटेतच ठेवला होता. सगळ्यांना तो ओलांडूनच पुढे यावं लागलं.

"ये पार्क नहीं है," तिने सुरुवातच केली. "यहाँ आप किसी के घर आए हो." मग तिने तलावाच्या पूर्वेकडे बोट केलं. तिथे पाण्यात बांबू रोवून त्यांना दोरी बांधली होती आणि दोरीला लाल चिंध्या लटकत होत्या. त्या दोरीपलीकडे सारसाच्या जोडीचं घरटं आहे, घरट्यात अंडी आहेत, तिकडे होडी न्यायची नाही, फोटोसाठीही नाही, एक मिनिटासाठीही नाही. तिने हे तीनदा सांगितलं.

संपदाला ते तीनदा ऐकायची गरज नव्हती. गोंदियाकडे तिच्या मामाच्या धानाच्या बांधीत दरवर्षी सारसाची जोडी यायची. घरटं झालं की मामा तेवढा तुकडा निंदायचासुद्धा सोडून द्यायचा. माणसाच्या उंचीचा तो पक्षी घरट्याजवळ काय करू शकतो, ते तिने लहानपणी पाहिलं होतं. मामाच्या कुत्र्याचा एक डोळा त्यात गेला होता.

तिने गौरांगला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, "मी दुसऱ्या कुणाबरोबर बसू का?"

"अरे, दो घंटे की बात है," तो म्हणाला आणि पुढच्या जोडीचं नाव वाचायला लागला.

प्रथमेश आधीच मागे जाऊन बसला होता. त्याच्या गळ्यात नवा कोरा कॅमेरा होता. मग संपदा पुढे बसली. होडी निघाली तेव्हा तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मागून वल्ह्याचा आवाज आणि श्वास ऐकू येत होता. तेही तिला नको होतं.

पहिली वीस मिनिटं सगळ्या होड्या एका ओळीत चालल्या. पुढे जयंतीची एकटीची होडी, मागे बाकीच्या. हळदीकुंकू बदकांचा थवा उठला, पुन्हा बसला. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी तुरुतुरु चालत गेला. एखाद्या दुसऱ्या दिवशी संपदा हरखून गेली असती. आज तिची पाठ ताठ झाली होती. पाठीमागे कुणी दगड घेऊन उभं असावं तशी.

हळूहळू तिच्या लक्षात आलं, की त्यांची होडी मागे पडते आहे. ती जोर लावत होती, पण मागून वल्हं जेमतेम पाण्याला लागत होतं.

"वल्हवा की, सर."

"घाई कसली आहे? मला तुझ्याशी बोलायचंय," प्रथमेश म्हणाला. "इथे बरं आहे. मराठीत बोललो तर कुणाला कळायचंही नाही."

ती वल्हवत राहिली.

"मंगळवारी तुला बोलावणार आहेत. सहीसाठी पत्र तयार आहे. मी तुझ्या जागी असतो तर सोमवारीच राजीनामा दिला असता. तू स्वतःहून गेलीस तर मी शिफारसपत्र चांगलं देईन. काढून टाकलं तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

"आणि मी काय म्हणून राजीनामा द्यायचा?"

"जुलैसाठी."

संपदाने वल्हं पाण्यातून काढून मांडीवर आडवं ठेवलं. "जुलैमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. काहून खोटं बोलून राहिले तुम्ही?"

तो हसला. "काहून! हे बघ, तुझा हाच प्रॉब्लेम आहे. चार लोकांत बोलायचं कसं, हेच तुम्हा लोकांना कळत नाही. बैठकीत तोंड उघडलं असतंस तर कुणी ऐकलं असतं. ना धड हिंदी, ना मराठी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अरुंद होडीत मागे वळून बसणंही सोपं नव्हतं. ती समोरच बघत राहिली आणि म्हणाली, "मी राजीनामा देणार नाही."

मागून वल्हं एकदम जोरात पाण्यात पडलं. मग होडीचं टोक वळायला लागलं. बाकीच्या होड्या डावीकडे लांब गेल्या होत्या, ही उजवीकडे वळत होती. पूर्वेकडे. होडीला दिशा देतो तो मागचा माणूस. पुढे बसलेल्याने कितीही उलटं वल्हवलं तरी उपयोग होत नाही, आणि संपदाने तेही करून पाहिलं.

"तिकडे नका नेऊ. दोरी आहे."

"लांबूनच एक फोटो काढतो. एवढी लेन्स आणलीय. ती बाई काय, उगाच आपली पोलिसगिरी करते."

"सर, अंडी आहेत तिथे. मी पाहिलंय हे पक्षी काय करतात ते. थांबवा!"

"तू मला शिकवू नकोस," तो म्हणाला. लाल चिंध्यांची दोरी त्याने वल्ह्याने खाली दाबली आणि होडी तिच्यावरून खरखरत आत गेली.

आत पाणी उथळ होतं. पाणकणसाच्या दोन भिंतींमधून एक अरुंद वाट गेली होती आणि तिच्या टोकाला काड्या आणि गवताचा मोठा ढीग पाण्यावर उचललेला होता. त्यावर सारसाची मादी बसली होती. तिची लांब मान आधी खाली होती, मग ती सरळ वर आली. लालभडक डोकं या दोघांकडे वळलं. मागे कॅमेऱ्याचा आवाज कट्‌कट्‌ व्हायला लागला.

नर कुठून आला ते संपदाला कळलंच नाही. कर्ण्यासारखी एक किंकाळी झाली आणि डाव्या बाजूचं पाणकणीस फाटून तो बाहेर आला. पंख पूर्ण उघडलेले. त्या वाटेची रुंदी त्याला पुरेना. संपदाने मान खाली घातली आणि हात डोक्यावर घेतले. पहिला घाव होडीच्या काठावर बसला.

"बसून राहा! खाली वाका!" ती ओरडली.

पण प्रथमेशची पाचावर धारण बसली होती. तो गुडघ्यांवर अर्धवट उभा राहिला आणि त्याने वल्हं फिरवलं. ते संपदाच्या डोक्यावरून गेलं. तिला वारा लागला. "मारू नका! मारू नका त्याला!" ती ओरडत राहिली. दुसऱ्यांदा वल्हं फिरलं, तेव्हा काहीतरी लागल्याचा बोदा आवाज आला. पक्षी एका पायावर तिरका झाला आणि त्याच क्षणी होडी उलटली.

पाणी छातीएवढंच होतं, पण खाली गाळ होता आणि गाळात पाय गेला की निघत नव्हता. संपदा तलावांच्या जिल्ह्यात वाढलेली, तिने पाय न टेकता अंग पाण्यावर सोडलं. प्रथमेशला पोहता येत नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी तिचं लाइफ जॅकेट धरलं आणि वर चढायला बघितलं, तशी ती पाण्याखाली गेली. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. वर यायला बघावं तर त्याचा हात तिच्या डोक्यावर. त्याने मुद्दाम केलं असं नाही, पण तो सोडतही नव्हता. शेवटी तिने कोपर मागे घेऊन त्याच्या बरगडीत मारलं. जोरात. तेव्हा पकड सुटली.

"पाय उचल! जॅकेट तरंगवेल, पाय उचल!"

नर पुन्हा येत होता. आता मादीही घरट्यावरून उठली होती. संपदाने उलटी झालेली होडी ओढली, एक काठ उचलून प्रथमेशला तिच्याखाली ढकललं आणि मागोमाग स्वतः शिरली.

आत अंधार, मधे वीतभर हवा. तिने होडीची आडवी पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली. वर चोचीचे घाव पडत होते, टणक, एकामागोमाग एक. प्रथमेशचं तोंड तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. तो रडत होता.

"सांगू नकोस कुणाला," तो म्हणाला. "मी मारलं ते. वाइल्डलाइफची केस होते यात. मला मुलगा आहे तीन वर्षांचा."

"आणि मला मायबाप नाहीत का? जुलैमध्ये तुला ते नाही आठवले?" आपण त्याला 'तू' म्हणालो हे तिच्या उशिरा ध्यानात आलं, आणि तिने ते सुधारलं नाही.

"हो, मीच म्हणालो होतो टाक म्हणून! झालं समाधान?" तो ओरडला. "क्लायंट विचारून विचारून डोकं खात होता. मी म्हणालो टाक. मग काय, मी माझं नाव सांगायला हवं होतं?"

वरचा घाव इतका जोरात बसला की पट्टी तिच्या हातात थरथरली.

"हेच मंगळवारी सांगशील?"

त्याचं रडणं थांबलं. त्या अंधारात त्याचे डोळे तिला दिसत नव्हते, पण तो विचार करतोय हे तिला कळलं. जीव मुठीत धरून पाण्यात लटकलेला असतानाही तो हिशेबच करत होता. तिला त्याची किळस आली.

मग बाहेरून शिट्टी ऐकू आली. लांब, तीनदा. घाव थांबले. जयंतीने आपली होडी दोरीच्या कडेला आणून त्या दोघांना वाटेच्या उलट बाजूने, पाणकणसातून ओढत बाहेर काढलं. काठावर पोहोचेपर्यंत तिने मागे वळून बघितलंही नाही.

काठावर सगळे जमले होते. प्रथमेशच्या कानामागे खोल जखम होती, रक्त मानेवरून शर्टात उतरत होतं. गौरांग धावत फर्स्ट एड शोधायला लागला. जयंती त्या गडबडीत मधोमध येऊन उभी राहिली.

"अंदर कौन ले गया?"

"संपदाला फोटो हवा होता," प्रथमेश हिंदीत म्हणाला. जराही न अडखळता. "मी नको म्हणत होतो."

तोच शांत आवाज, बैठकीतला. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं, दातावर दात आपटत होते. पण या वेळी ती बघत राहिली नाही.

"झूठ," ती म्हणाली.

जयंतीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पीछे कौन बैठा था?"

सगळ्यांनी निघताना पाहिलं होतं मागे कोण बसलं होतं ते. एकेकाची नजर प्रथमेशकडे वळली. त्याने मानेवरचा कापूस दाबून धरला आणि म्हणाला, "मॅडम, मला टाके घालावे लागणार आहेत. हे नंतर बघू."

"नर लँगड़ा रहा है," जयंती म्हणाली. "मारा किसने?"

तेव्हा संपदाने सगळं सांगितलं. दोरी कुणी दाबली, वल्हं कुणी दोनदा फिरवलं, होडीखाली कोण काय म्हणालं. आणि तिथेच, ओल्या कपड्यांत, सगळ्या ऑफिससमोर तिने जुलैचंही सांगितलं. तिची हिंदी मधेच गोंदियाच्या वळणावर जात होती. जाऊ दिली तिने. बोलून झालं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी तिच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. लोक आपापल्या बुटांकडे बघत होते. गौरांग एवढंच म्हणाला, "ये दो अलग-अलग बातें हैं. ऑफिस की बात ऑफिस में."

प्रथमेश गाडीत बसायला निघाला. तिच्याजवळून जाताना तो मराठीत हळूच म्हणाला, "संपलीस तू."

वन विभागाचा माणूस तासाभराने आला. सगळे जेवायला गेले होते. संपदा एकटीच थांबली आणि तिने चौकीतल्या टेबलाशी बसून दोन पानं जबाब लिहून दिला. "आप भी नाव में थीं," तो माणूस म्हणाला. "हाँ, थी," ती म्हणाली आणि तेही लिहिलं.

मंगळवारी तिला खरंच बोलावलं. टेबलावर राजीनाम्याचा मजकूर टाइप करून तयार होता, सहीपुरती जागा सोडून. समोर गौरांग, त्याच्या शेजारी दिल्लीहून आलेले एक वरिष्ठ आणि खिडकीजवळ प्रथमेश, कानामागे पट्टी लावून.

"मी सही करणार नाही," संपदा हिंदीत म्हणाली. "त्या दुपारी मी यांना फोन केला होता, ऑफिसच्या फोनवरून. त्याची नोंद काढा. मला हे तेव्हा सुचलं नाही."

"होडीखाली मी कबूल केलं, असंही ती म्हणते," प्रथमेश वरिष्ठांकडे बघून मंद हसला. "घाबरलेला माणूस काहीही ऐकतो."

"मी घाबरले नव्हते. तू रडत होतास."

त्याचं हसू तिथेच थांबलं. वरिष्ठांनी कागद पुन्हा फाइलमध्ये ठेवला आणि नोंद काढायला सांगितलं.

नोंद निघाली. बदल टाकायच्या आधी अकरा मिनिटं, चार मिनिटांचा फोन. 'संपदाने मला विचारलं नव्हतं' हे वाक्य त्यामुळे खोटं ठरलं, पण फोनवर काय बोलणं झालं ते नोंदीत नव्हतं. मग कंपनीने कंपन्या करतात तेच केलं. राजीनाम्याची गोष्ट बंद झाली, ताकीदपत्र मात्र तिच्या फाइलमध्येच राहिलं. तिला दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या टीममध्ये टाकलं. प्रथमेश आपल्या जागी राहिला. वन विभागाची नोटीस त्याला आली, तो चौकशीला वकील घेऊन जायला लागला. कँटीनमध्ये समोरासमोर आले की दोघंही बाजूला होत नसत, एकमेकांना न पाहिल्यासारखं करत पुढे जात.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा एका रविवारी संपदा मुरलीपुऱ्यातल्या आपल्या खोलीवरून दोन बस बदलून एकटी कालीसरला गेली. जयंती काठावर होड्या धूत होती. तिने मान वर केली आणि ओळखलं.

"नाव नहीं मिलेगी."

"होडी नको आहे," संपदा हिंदीत म्हणाली. "अंड्यांचं काय झालं ते विचारायला आले."

"दो थे. एक निकला. दूसरा ठंडा पड़ गया." जयंतीने बादलीतलं पाणी होडीवर ओतलं. "उस दिन दोनों बहुत देर घोंसले पर नहीं लौटे."

संपदा काठावरच्या दगडावर बसली. लांब, दोरीच्या पलीकडे, दोन उंच राखाडी आकृत्या चरत होत्या. त्यातली एक पाय जपून टाकत होती. दोघांच्या मधे काही लहानसं हलत होतं का, ते दुर्बिणीशिवाय दिसत नव्हतं, आणि दुर्बीण मागायची तिला हिंमत झाली नाही.

बराच वेळ गेला. जयंती हात पुसत तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"उसने चप्पू घुमाया, तब तुमने क्या किया?"

"ओरडले. मारू नका म्हणून."

"दो बार घुमाया ना?"

"हो."

"तुम्हारे सिर के ऊपर से?"

"हो."

"तो चप्पू पकड़ना था," जयंती म्हणाली आणि परत होड्यांकडे गेली.

संपदाच्या तोंडाशी कितीतरी उत्तरं आली. की वळता येत नव्हतं, की होडी अरुंद होती, की सगळं क्षणात झालं. तिने त्यातलं एकही जयंतीला ओरडून सांगितलं नाही. शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत ती त्याच दगडावर बसून राहिली.